सुधारणा वर्गातली जाऊ

साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि "बसा" म्हणाले. मनुष्यबळ विभागाचे हे साहेब एरवी कुणाला बसा म्हणत नसत.

"तक्रार विभागासाठी सुधारणा वर्ग घ्यायचाय. महिनाभर. शेवटी परीक्षा."

थोरली या विमा कंपनीत प्रशिक्षण अधिकारी होती. नव्यांना कामाला लावायचं, जुन्यांना नवं शिकवायचं, यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. "आणि नापास झाले तर?" तिने विचारलं.

"पास झाले तरी तेच. तक्रारींचे फोन आता मशीन घेणार आहे. विभाग बंद होतोय. पण आपण माणसांना संधी दिली होती, हे दिसायला हवं ना?" साहेबांनी आवाज खाली आणला. "बाहेर एक शब्द जाता कामा नये."

"साहेब, त्या विभागात माझी जाऊ आहे."

"माहीत आहे."

"मग हा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या."

"उलट तुम्हीच घ्या. घरचं माणूस वर्गात म्हटल्यावर कुणाला शंका येणार नाही. आणि बातमी फुटलीच, तर ती कुठून फुटली हे शोधायला लांब जावं लागणार नाही." ते हसले. "नोकरी तुम्हालाही प्यारी असेलच."

होतीच. नवऱ्याची पाठ धरल्यापासून तो घरीच होता. दोघे भाऊ, दोघी जावा आणि सासूबाई एकाच घरात राहत, आणि घराचा मोठा भार थोरलीवर होता. धाकटीला या कंपनीत चिकटवली होती तीही तिनेच.

वर्ग तळघरात भरे. त्या खोलीला खिडकी नव्हती. दार जड होतं आणि सुटलं की आपोआप धाडकन लागायचं. पहिल्याच दिवशी धाकटी सगळ्यांत पुढे येऊन बसली, नवी वही उघडून.

"चिडलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं," थोरली सांगत होती. "मधे तोंड घालायचं नाही. मग त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत त्याला परत सांगायची. आपलं कुणी ऐकलं, एवढं कळलं तरी माणूस निम्मा शांत होतो."

माना हलत होत्या. दोन मुलांची आई असलेली एक बाई, निवृत्तीला टेकलेले एक काका, नुकतंच लग्न झालेला एक जण. सगळे भराभर लिहून घेत होते. आपण किती छान शिकवतोय हे थोरलीला कळत होतं, आणि स्वतःचाच आवाज ऐकवत नव्हता.

धाकटीला तर वर्गाचं वेडच लागलं. रात्रीच्या जेवणात सासूबाई स्वयंपाकघरातल्या नळावरून कुरकुरायला लागल्या, तशी ती वाटी खाली ठेवून सरसावून बसली.

"आई, म्हणजे नळ गळतोय, तुम्ही चारदा सांगितलंत आणि कुणी लक्ष दिलं नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर!" सासूबाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "पण तो दुरुस्त कोण करणार?"

सगळे खो खो हसले. थोरली पाणी आणायला उठली.

"शाळा सुटल्यापासून मला कुणी काही शिकवलंच नव्हतं हो, ताई," भांडी आवरताना धाकटी म्हणाली. "कामाला लावलं, तेव्हाही फोन हातात दिला आणि घे म्हणाले. आता वाटतं, मलाही जमेल काहीतरी मोठं."

थोरली ओटा पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसला.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. धाकटीच्या मैत्रिणीने तिच्यासाठी दातांच्या दवाखान्यातली जागा बोलून ठेवली होती. पेशंटना वेळा द्यायच्या, फोन घ्यायचे. डॉक्टरांना दोन दिवसांत उत्तर हवं होतं.

"नाहीच म्हणणार आहे मी," रात्री जेवताना सगळ्यांसमोर धाकटी म्हणाली. "इथे एवढं शिकतेय आणि अर्ध्यात सोडू? ताई, तुम्हाला काय वाटतं?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. खरं सांगावं तर बातमी घरातून बाहेर जायला कितीसा वेळ लागणार? धाकटीच्या पोटात काही राहत नसे, मैत्रिणींना सांगून मोकळी होई. पाठ धरून बसलेला नवरा समोरच होता.

"घे ती नोकरी," थोरली म्हणाली.

"का?"

"घे म्हणते ना."

धाकटीचा चेहरा उतरला. "का, ते तरी सांगा."

"सगळ्याच गोष्टींना कारण असतं का?"

"असतं," धाकटी हळूच म्हणाली. "मी काकांपेक्षा, सगळ्यांपेक्षा पुढे आहे, हे तुम्हीच वर्गात म्हणालात. घरात तुम्ही मोठ्या, ऑफिसातही तुम्हीच मोठ्या राहायला हव्यात का?"

"अगं!" सासूबाई ओरडल्या.

थोरली उठून बेसिनपाशी गेली आणि उगाच हात धूत उभी राहिली. मागे कुणीतरी विषय बदलला.

धाकटीने दवाखान्याला नकार कळवला. परीक्षेत ती पहिली आली. साहेबांनी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली, हात मिळवले, आणि त्याच आठवड्यात एकेकाला वर बोलावून निरोप दिला. काका जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले.

धाकटी बॅग घेऊन तळघरात आली. थोरली फळा पुसत होती.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"त्याच्याही आधीपासून. म्हणून तर म्हटलं, घे ती नोकरी."

"म्हटलंत खरं," धाकटी म्हणाली. "मी तुम्हाला जळकी समजले, तेही चालवून घेतलंत. पण खरं नाही सांगितलंत."

तिच्यामागे दार धाडकन लागलं.

दवाखान्यातली जागा केव्हाच भरली होती. बऱ्याच महिन्यांनी धाकटी चष्म्याच्या दुकानात लागली. घरात ती थोरलीशी कामापुरतं बोलायची. मीठ कुठंय, गॅस संपत आलाय, एवढंच. भांडण नव्हतं, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं.

मग साहेबांनी थोरलीला पुन्हा बोलावलं. या वेळी वसुली विभाग. तोच वर्ग, तेच "बसा".

पहिल्या दिवशी ती वर्गासमोर उभी राहिली. पुढच्या रांगेत कुणीतरी नवी वही उघडली. थोरलीने खडू खाली ठेवला.

"परीक्षा पास झालात तरी तुमचा विभाग बंद होणार आहे," ती म्हणाली. "आजपासून बाहेर काम शोधायला लागा. लागेल ते मी शिकवते, अर्ज कसा करायचा तेही."

मग मागून एकाने विचारलं, "मॅडम, हा वर्गातलाच प्रसंग आहे का? आम्ही चिडून दाखवायचं?"

"नाही हो," थोरली म्हणाली. "हे खरं आहे."

दुपारी साहेबांचं बोलावणं आलंच. त्यांनी तिला काढलं नाही. तिच्यासारखी शिकवणारी दुसरी नव्हती. फक्त यापुढे तिच्या प्रत्येक वर्गात साहेबांचा एक माणूस मागच्या खुर्चीवर बसणार होता.

संध्याकाळी धाकटी भाजी चिरत होती. थोरली तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आज वर्गात सांगून टाकलं. सगळं."

सुरी थांबली. "त्यांना सांगितलंत?"

"हो."

धाकटीने मान हलवली. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली.