मौनाच्या वेळी बेल

आमच्या ह्यांना जावई मौनपंथाचाच हवा होता. आमचा पंथ साधा. उजाडताना घरातल्यांनी एकत्र बसायचं आणि ऊन घरात येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. हे त्या वेळी घोरत असतात आणि मी दुधाच्या पातेल्याशी बडबडत असते, ती गोष्ट वेगळी.

लेकीने पसंत केलेला मुलगा म्हणाला, "आम्हीही मौनपंथीच." झालं, ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून बसून ह्यांना माणसं निरखायची खोडच लागलीय. "फार चटकन म्हणाला. पोरीसाठी सोंग करतोय. ढोंगी निघाला तर लग्न विसरा." लेकीने रडून डोळे सुजवून घेतले. खरं सांगते, संशय मलाही होता. इतकं गोड बोलणारा मुलगा गप्प कसा बसत असेल?

शेवटी त्याला रंगेहाथ पकडायला हे मला घेऊन भल्या पहाटे त्याच्या दारात थडकले. बेल दाबली. उघडेना, म्हणून पुन्हा दाबली.

मुलाने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. हे कुजबुजत खोदून खोदून विचारत राहिले, तो नुसता हसत राहिला. ह्यांचा चेहरा पडत चालला. माझा जीव भांड्यात पडला.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "आई आत बसली होती, म्हणून बोललो नाही. मी स्वतः कधीच बसत नाही."

"बघ!" हे ताडकन उठले. "मग पंथाचा कशाला म्हणवतोस?"

"बाबा गेले तेव्हा पंथातली माणसं आली. कोणी उपदेश केला नाही, समजूत घातली नाही. दिवसभर आमच्याजवळ गप्प बसून राहिली. ती माझी माणसं आहेत, काका. मला बसणं जमत नाही, पण दुसरं काय म्हणवून घेऊ?"

मला भरून आलं. हे परत खाली बसले. तेवढ्यात आतून त्याची आई आली आणि आम्हाला पाहून दचकली.

"अगंबाई, तुम्ही! मौनाच्या वेळी बेल वाजली, मला वाटलं पंथाबाहेरचं कोणी असेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरच्या उन्हाकडे पाहत राहिले.

घरी लेक दारातच उभी होती. "काय निघालं, बाबा?"

"आपल्यातलाच आहे," हे म्हणाले आणि तिच्याकडे न बघता आत निघून गेले.