चौदावा प्रश्न

त्रेसष्ट आणि चौसष्ट या दोन्ही नळ्यांची झाकणं पांढरी होती. पांढरं झाकण निरोगी माणसाचं, लाल झाकण मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्याचं. उणे ऐंशी अंशांवर आठ महिने गोठून राहिलेले शौचाचे दीडशे नमुने त्या आठवड्यात एकदम तपासले गेले आणि प्रत्येकातल्या जिवाणूंची यादी एकेक रंगीत पट्टी होऊन पडद्यावर आली. दीडशे पट्ट्या, दीडशे तऱ्हा. फक्त या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर कुठेच कड बाहेर येत नव्हती.

"एका घरातली माणसं असतील, एकाच भांड्यातलं खाणारी," संशोधक बाई म्हणाल्या.

"जुळ्यांच्यासुद्धा पट्ट्या इतक्या जुळत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत मला," नमुने सांभाळणारे काका हसले. "हे एकाच माणसाचं काम आहे, बाई. कुणीतरी शेजाऱ्याची नळी भरून पुण्य कमावलंय!"

विभागप्रमुखांनी कपाटातून नावांची यादी काढली. चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ तो खाली आणला नाही. "बाई, या तुमच्या माहेरच्या आहेत. एक तुमच्या आईंची, एक वहिनींची."

काकांचं हसू जागच्या जागी विरलं.

माहेर दोन बसथांब्यांवर होतं. भर दुपारी नणंदेला दारात बघून वहिनी चपापली. ती दोरीवरचे कपडे काढत होती.

"वहिनी, आईची नळी कुणी भरली होती?"

वहिनीने हातातला चिमटा नुसताच उघडला, मिटला. "त्या म्हणाल्या, तुझंच घाल दोन्हीत. कुणाला कळतंय."

"आणि तू घातलंस?"

"वन्सं, त्या माझ्या सासूबाई. तुम्ही असता तर नाही म्हणाला असतात?" मग तिचा आवाज खाली आला. "त्यांच्यात रक्त होतं. तुमच्या यंत्राला कळेल म्हणून घाबरल्या. तेव्हाच चिमणीसाठी हे स्थळ आलं होतं. कुणाला बोलायचं नाही अशी शपथ घातली मला. बाबांना माहीत होतं."

चिमणी म्हणजे धाकटी बहीण. मामाला फिट्स येतात एवढं कळलं म्हणून तिचं आधीचं स्थळ परत फिरलं होतं. 'रोगट घराणं' हे दोन शब्द कुणीतरी जिन्यात उच्चारले, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी शिंकलं तरी खिडकी लावून घेत.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिने आईची जुनी प्रश्नावली काढली. वीस प्रश्न. चौदावा: शौचावाटे रक्त जातं का? हा प्रश्न तिने वॉर्डातल्या कितीतरी अनोळखी माणसांना सरळ डोळ्यांत बघून विचारला होता. आईसमोर बसली तेव्हा आई शेंगा निवडत होती, बाहेर बाबा पेपर वाचत होते. तेरा प्रश्न झाले. चौदाव्याला तिची जीभ अडखळली. "हे तुला कुठलं असायला!" असं म्हणून तिने स्वतःच 'नाही'पुढे खूण केली. आईचा हात क्षणभर थांबला होता. एखादी किडकी शेंग सापडली असेल, असं तिला वाटलं होतं.

ती खूण तिच्याच हातची होती.

आईला तिने 'नेहमीची तपासणी' म्हणून नेलं. गाठ निघाली, आणि यकृतावर तीन डाग. सर्जनबाईंनी पाणी पुढे केलं. "आठ महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर कदाचित हे डाग नसते. कदाचित. सोमवारी दाखल करा, आता थांबू नका."

बाबा घड्याळं दुरुस्त करत. केसाएवढा स्क्रू चिमट्याने बसवताना त्यांचा हात कधी हलला नव्हता. आता त्यांनी उघडलेलं घड्याळ तसंच बाजूला सारलं.

"सव्वा महिना," ते म्हणाले. "लग्न तेवढं लागू दे. आता बोभाटा झाला तर चिमणीला जन्मभर घरात बसवायची का?"

"बाबा, गाठ तुमची तारीख बघून वाढत नाही."

"मी तुझ्या आईचा वैरी आहे का गं?"

ते वैरी नव्हते. त्या घरात कुणीच नव्हतं. माया होती म्हणूनच तर सगळ्यांनी तोंडं मिटली होती, आणि शिकलेल्या लेकीने सगळ्यांत आधी.

आई शांतपणे म्हणाली, "एवढं काही नाही. काढीन मी सव्वा महिना. बायकांना थोडंफार असायचंच."

चिमणीला कुणी काहीच सांगितलं नाही. सांगायचंच नव्हतं, तिच्यासाठीच तर हे चाललं होतं.

रविवारी मुलाकडची मंडळी लग्नाच्या तयारीची बोलणी करायला आली. आत स्वयंपाकघरात आई पातेल्याजवळ उभी होती, एक हात ओट्याला घट्ट धरून. संशोधक लेकीने पर्समधून कोरी प्रश्नावली काढली. सोबत एक नळी होती. तिचं झाकण लाल होतं.

"उपचार सुरू व्हायच्या आधी हे नव्याने भरायला लागतं, आई."

"आत्ता? बाहेर पाहुणे बसलेत."

"आत्ताच. मागच्या वेळी मी तुला एक प्रश्न विचारलाच नाही." तिने आईच्या डोळ्यांतून नजर काढली नाही. "तुला शौचावाटे रक्त जातं का?"

आईने त्या लाल झाकणावरून बोट फिरवलं.

"हो," ती म्हणाली. "जातं. तू तेव्हा विचारशील म्हणून मी वाट बघत होते गं."

दारात ट्रे न्यायला आलेली चिमणी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "काय झालंय? आई, मला का नाही सांगितलं?" तिने बाहेर बसलेल्या पाहुण्यांकडे मान वळवली. "माझ्या लग्नासाठी?"

आईने तिच्या गालावरून हात फिरवला, पदर नीट केला, आणि ट्रे न घेताच बाहेर गेली.

"या विहीणबाई, बसा की," मुलाची आई सरकून बसली. "पण केवढ्या वाळलात तुम्ही! बरं नाही का?"

"छे छे!" बाबा घाईने म्हणाले. "लग्नघरची दगदग, दुसरं काय! आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे."

आई बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"दगदग नाही. मला आतड्याचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. "उद्या मी दवाखान्यात दाखल होतेय. माझं मी ठरवलंय. लग्नाचं तुम्ही ठरवा."