ओतूरचा कोरा फळा

मी ओतूरच्या एसटी स्टँडासमोरचा फळा बोलतोय. खरं तर आता बोलवत नाही. मला बोलायला खडू लागतो, आणि खडू हातात घेणारं माणूस राहिलं नाही.

एका जुन्या दाराच्या फळीपासून नवाब पेंटरनं मला बनवलं. काळा रंग दिला, वर ‘निधन वार्ता’ लिहिलं आणि आपल्याच दुकानाच्या भिंतीवर टांगलं. गावात कुणी गेलं की घरचं माणूस धावत यायचं. नवाबभाई हातातलं काम टाकून लिहायचे: नाव, गल्ली, माती किती वाजता. कुणाच्या नावाआधी ‘कै.’, कुणाच्या ‘मर्हूम’. अक्षर मात्र एकच. एसटीतून उतरलेली माणसं मला वाचून, पिशव्या दुकानात ठेवून तशीच मातीला जायची.

पिंपरी पेंढारचे सोपानराव नवाबभाईंचे जिवलग. बाजार आटोपला की दुकानाच्या पायरीवर दोघांचा चहा ठरलेला.

“नवाबा, मागं ऱ्हाईल त्यानं माती द्यायची बरं का,” सोपानराव म्हणायचे.

“आधी चहा तर संपव राव,” नवाबभाई हसायचे.

मग मोबाइल आले. भावकीचा ग्रुप निघाला, जमातीचा निघाला, प्रत्येक आळीचा वेगळा. ज्याची बातमी त्याच्याच माणसांत फिरू लागली. माझ्याकडे येणं कमी झालं. शेजारच्या भेळवाल्यानं माझ्या खिळ्याला पिशव्या अडकवल्या. मला राग आला नाही, नुसता कंटाळा आला.

मागच्या महिन्यात, बाजाराच्याच दिवशी पहाटे, नवाबभाई गेले. सगळ्यांची बातमी लिहिणारा माणूस गेला आणि त्याची बातमी लिहायची कुणाला सुचली नाही. जमातीच्या ग्रुपवर कळवलं होतं, तेवढ्यावर सगळं भागलं.

दुपारी सोपानराव आले. दुकान बंद. त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं.

“आज कोन न्हाई गेलं. बरं झालं,” ते पुटपुटले. “नवाब गेला आसल कळंबला, बहिनीकडं.”

आणि ते जीपमध्ये बसले. तिकडे कब्रस्तानात माती पडत होती. मला ओरडावंसं वाटलं. पण कोरा फळा काय ओरडणार?

पुढच्या बाजारी दुकान उघडं होतं. आत नवाबभाईंची लेक कौसर डबे आवरत होती. तिनं सांगितलं तसे सोपानराव पायरीवरच बसले.

“मला कळवलं न्हाई गं पोरी?”

“ग्रुपवर टाकलं व्हतं, काका.”

“कुटल्या ग्रुपवर?”

कौसरनं हातातला डबा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमच्या जमातीच्या,” ती हळूच म्हणाली.

“मी फळा बघून गेलो गं. कोरा व्हता.”

कौसरनं खडूचा डबा त्यांच्यापुढे धरला. सोपानरावांनी भेळवाल्याच्या पिशव्या काढल्या आणि माझ्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘मर्हूम नवाब पेंटर. माती झाली. सोपान ऱ्हायला.’

ती अक्षरं आता पुसट झाली आहेत. मीही थकलोय, भिंतीवरून काढलंत तरी तक्रार नाही. पण टांगून ठेवणार असाल, तर कुणी गेल्यावर मला कोरा ठेवू नका. फळा कोरा दिसला म्हणजे सगळी सुखरूप आहेत, असं समजून निर्धास्त घरी जाणारं एक माणूस अजून पिंपरी पेंढारला आहे.