उजवी पाकळी

"आज घराक जाऊक गावतला मा?" काशीबाईने डोळे न उघडताच विचारलं.

"गावतला गो. कौल झालो की पयली तुकाच नेतलंय." महादू गुरवाने तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली, लेकीला, भक्तीला, नजरेनेच लक्ष ठेवायला सांगितलं आणि ताडपत्री वर करून तो झोपडीबाहेर पडला.

गावपळणीचे तीन दिवस भरले होते. दर चार वर्षांनी रवळनाथाने हुकूम केला की अख्खं गाव वेशीबाहेर माळावर येऊन राहायचं, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट. मागे गावात चूल पेटायची नाही की माणसाचा आवाज उठायचा नाही. परतायचं तेही देवाने उजवा कौल दिला तरच. डावा झाला तर आणखी एक दिवस माळावर. हल्ली लोक टेम्पोतून गॅस नि गाद्या आणत, पोरं झाडाखाली मोबाईल घेऊन बसत, पण देवाचा शब्द मोडायची अजून कुणाची छाती झाली नव्हती.

आणि तो शब्द लोकांना सांगायचा महादूने. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, मानकऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठली पाकळी आधी गळते ते बघायचं. झालं! बापामागून जन्मभर त्याने हेच केलं. मूल होत नाही म्हणून, मुंबईत नोकरी लागत नाही म्हणून, पोरीचं लग्न जमत नाही म्हणून माणसं रडत यायची, आणि डावी पाकळी गळली की महादू म्हणायचा, "देवाक घाय नसता, आपणाक आसता. रव जरा." तोंडात इतकं बसलं होतं ते, की म्हणता म्हणता तो समईची वातही पुढे सारायचा.

काशीबाईच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. 'घरी न्या, काय खायला मागेल ते द्या,' म्हणाले. गाव बाहेर पडायच्या दिवशी मानकरी दाजी स्वतः येऊन सांगून गेला, "महादू, तिका रवांदे घरात. देव कोपाचो नाय." पण ऐकेल तर ती काशीबाई कसली!

"गुरवाची बायल घरात नि गाव भायर? काय तरीच!" म्हणाली. निघताना तिने भक्तीकडून तुळशीवर भोकाचं मडकं टांगून घेतलं. थेंब थेंब पाणी पडत राहील, तीन दिवसांना पुरेल. मग नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाली, "एकच करा. जीव जाताना माझ्या तुळशीचा पान माझ्या तोंडात घाला. परक्या माळार मराचा नाय माका."

ते एकच मागणं घेऊन महादू देवळात आला होता. कौलापुरत्या आलेल्या मानकऱ्यांशिवाय गावात चिटपाखरू नव्हतं. त्याने डावी पाकळी चांगली भिजवून पाषाणाला घट्ट बसवली. उजवी हातात घेतली, आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. पाण्याला बोट नुसतं लावल्यासारखं करून पाकळी जवळजवळ कोरडीच टेकवली.

"बा देवा रवळनाथा," दाजीने हात जोडून सुरुवात केली, "तुझी लेकरां आज तीन दिस भायर आसत..."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

महादूची नजर उजवीवर खिळली होती. आता गळेल, मग गळेल. गाऱ्हाणं संपलं. आणि डावी, ती भिजलेली, घट्ट बसवलेली डावी, अलगद सुटून खाली आली. कोरडी उजवी जागची हलली नाही.

परतताना दाजी काहीतरी बोलत होता, पण महादूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, पण त्याहून जास्त देवाचा राग आला होता. इतकी वर्षं तुझी चाकरी केली, तुका काय कमी पडला असता रे?

माळावर बायका कुरकुरल्या. पोरांच्या शाळा, कुणाची ड्युटी. सगळ्यांनी सवयीने महादूकडे बघितलं. तो तसाच झोपडीकडे चालू लागला.

झोपडीत मात्र काशीबाईपुढे त्याला लपवता आलं नाही. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एकदम हसली. हसताना तिला खोकला आला.

"देवाक फसवूक गेलास? तुमी?"

"तुझ्यासाठी गो."

"मगे तुमची लबाडी पण चलली नाय, तर खरीच येळ नाय झाली." तिने त्याचा हात चाचपून धरला. "रडा नको. थांबतलंय मी."

दुपार कलली आणि ती गेली. शेजारच्या गावातून आणलेलं तुळशीचं पान भक्तीने तिच्या ओठांत ठेवलं.

"हयच माळार सरण रचूया," दाजी हलक्या आवाजात म्हणाला. "किती येळ ठेवतलंस?"

"कौल होवंदे," महादू म्हणाला. "थांबतलंय म्हणान सांगितल्यान हा तिना."

दुसऱ्या सकाळी सुतकामुळे महादूला पाषाणाला हात लावता येईना. शेजारच्या गावच्या गुरवाने, बाबूने, पाकळ्या लावल्या. महादू माळावरच बसून राहिला. थोड्या वेळाने गावातून हाळी आली. गाऱ्हाणं अर्धंही झालं नव्हतं, उजवी गळली होती. माळावर पोरांनी आरडाओरडा केला आणि मोठ्यांनी त्यांना दटावून गप्प केलं.

टेम्पो सुरू झाले होते ते बंद झाले. दाजीने काठी आडवी धरून गुरं अडवली. "पयली ती," तो म्हणाला. मग महादूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवाक घाय नसता रे, महादू."

महादूने मान हलवली. इतकी वर्षं माणसं त्याच्यासमोर अशीच मान हलवून घरी गेली होती. घरी जाऊन ती काय करत असतील, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

ओसाड गावातून चौघांनी काशीबाईला आणलं आणि अंगणात उतरवलं. मडकं केव्हाच रिकामं झालं होतं. तुळशीने मान टाकली होती. महादूने तिचंच एक पान खुडलं, काशीबाईच्या ओठांतलं परकं पान काढलं आणि हे ठेवलं.

"इलव गो घराक," तो म्हणाला.

मग विहिरीचं पाणी काढून त्याने मडकं काठोकाठ भरलं. लोक खोळंबले होते, वेशीवर गुरं हंबरत होती. पहिला थेंब तुळशीवर पडेपर्यंत महादू तिथेच उभा राहिला.