चुन्याखालची भिंत

बुचाच्या ओकाची साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात. काढून झाली की उघड्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगात लिहितात.

गेल्या ऑगस्टमध्ये म्हातारी झुल्मिरा चादर सकाळी फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुपारी अंगावर घ्यायची.

एवोरा शहरातल्या वृद्धाश्रमात एसी आहे. सूप सातला मिळतं. कोंबड्या पाळलेल्या चालत नाहीत.

कुऱ्हाड कानानं चालवायची असते. साल सुटत असेल तर पोकळ आवाज येतो. आवाज बदलला की हात थांबवायचा, कारण खाली जिवंत कातडी असते आणि तिला जखम झाली तर झाड पुन्हा धड साल धरत नाही.

ईस्टरच्या आधीचा आठवडा. लांब दांड्याला बांधलेले ब्रश, चुन्याच्या बादल्या, गल्लीतल्या बायका. ज्या घराला त्या आठवड्यात चुना लागत नाही ते घर रिकामं समजायचं.

झुल्मिराच्या घराची पश्चिमेकडची भिंत चोपलेल्या मातीची होती, हातभर जाड. तिच्यावर चुन्याच्या किती परती होत्या ते झुल्मिरालाही सांगता आलं नसतं. तिच्या आईनं दिलेल्या होत्या, आजी या घरात आली तेव्हाच्या होत्या, बाकीच्या तिच्या स्वतःच्या. माती जाड होती तरी छपरातून ऊन उतरायचं आणि संध्याकाळचं सगळं ऊन ती भिंत प्यायची. गेल्या उन्हाळ्यात झुल्मिरा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. शेजारणीला ती सापडली तेव्हा लसूण-कोथिंबिरीचं पावाचं सूप चुलीवर आटून करपलं होतं. मुलगी ओदेत एवोराहून आली आणि म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घर गार करून दाखव, नाहीतर वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय. जुलैच्या पहिल्या रविवारी येईन, दुपारभर पश्चिमेच्या खोलीत बसेन, मग ठरवू.

म्हणून एप्रिलमध्ये अनाक्लेतु आणि त्याची पुतणी इरिया पंप घेऊन आले.

अनाक्लेतुनं उभा जन्म ओकांची साल काढण्यात घालवला होता. खांदा गेल्यावर कुऱ्हाड ठेवली आणि इरियाच्या धंद्यात शिरला. बुचाचा बारीक रवा चिकट द्रावात कालवायचा, काकवीसारखा दाट झाला की नळीतून भिंतीवर आणि कौलांवर उडवायचा. वाळलं की वर खरबरीत, दाबलं तर किंचित मऊ असा अंगरखा तयार होतो. ऊन बाहेर राहतं, भिंत श्वास घेते. पूर्वी मी झाडाचे कपडे काढायचो, आता घरांना घालतो, असं तो गावच्या कॅफेत म्हणायचा. दर वेळी तेच म्हणायचा म्हणून आता कोणी हसत नसे.

इरियाचं एकच सांगणं होतं. चुना खरवडायचा, पार मातीपर्यंत. चुन्यावर हे धरत नाही. ती कौलांवर चढली आणि पश्चिमेची भिंत काकाकडे दिली.

परती पापुद्र्यासारख्या निघत होत्या. पांढरी, पांढरी, एक निळसर, परत पांढरी. झुल्मिरा खुर्ची टाकून समोर बसली होती. काम संपल्यावर भिंतीवर वर्षाचा आकडा लिहिलास तर तुझी बोटं मोडीन, असं तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. दुपारी खरवडायच्या पात्याखाली एक पिवळट, गुळगुळीत, ओलसर परत लागली. पात्याचा आवाज बदलला आणि अनाक्लेतुचा हात आपोआप थांबला. त्यानं तळव्यानं भिंत चाचपली. ती घट्ट होती, गार होती. आणखी पातं लावणं त्याच्यानं होईना.

वरून इरियानं विचारलं, "काका, लागली का माती?"

"लागायचं ते लागलं," तो म्हणाला.

इरियानं भिंतीवर पांढरं बूच उडवलं, पायथ्याला निळा पट्टा ओढला. तांदळाच्या खिरीनं लिंपल्यासारखं दिसतंय, असं झुल्मिरा म्हणाली. पण मे महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून भिंतीला हात लावायला लावत होती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात उकाडा पेटला. गुरुवारी सकाळी झुल्मिरा कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आली तर पश्चिमेच्या भिंतीवरचं बूच वरपासून खालपर्यंत एकसंध सुटून अंगणात पडलेलं. ओकाची साल पडावी तसंच, जराशी आत वळलेली फळी. तिच्या पाठीला पिवळट चुना चिकटून आला होता.

इरिया आली. तिनं तुकडा उलटासुलटा केला, माल खराब आला असणार म्हणाली आणि कारखान्याला लावायला फोन काढला. रविवारी ओदेत येणार होती. कारखान्याचा माणूस आला असता तर पुढच्या आठवड्यात.

"फोन ठेव," अनाक्लेतु म्हणाला. "माल चांगला आहे. मी मातीपर्यंत गेलोच नाही."

इरिया त्याच्याकडे वळली. तो तिच्याऐवजी झुल्मिराशी बोलला. आवाज बदलला मावशी, आणि हात थांबला. जन्मभर तिथंच थांबत आलो. त्याच्या पुढं गेलं की झाड जातं.

 कोंबडी पायात आली, तिला झुल्मिरानं बाजूला केलं. मग म्हणाली, "भिंतीला रक्त येतं का रे? का नऊ वर्षांनी नवी भिंत फुटणारे तिला?"

"नाही."

"मग माझ्या आईचा चुना तू कशाला राखत बसलास? मी मागितला होता? मला या घरात मरायचंय, आणि तू मला सातच्या सुपाला पाठवायला निघालास."

इरियानं फोन खिशात घातला. ती काकाला एवढंच म्हणाली की वरचं मी घेते, तू खांदा सांभाळून खालचं घे. झुल्मिरानं आतून उलथन्यासारखं काहीतरी आणलं. चुलीतली राख ओढायचं पातं होतं ते. खुर्ची भिंतीला लावून ती बसल्या बसल्या निळ्या पट्ट्याच्या उंचीला खरवडू लागली. पिवळट परत तिनंच पहिली उडवली. खाली लाल माती निघाली, तिच्यात चोपताना अडकलेले खडे आणि कौलाचा एक तुकडा. तो तिनं फ्रॉकच्या खिशात टाकला.

अनाक्लेतुला पातं लावायला वेळ लागला. दर वेळी आवाज बदलला की मनगट अडायचं, आणि दर वेळी शेजारून झुल्मिरा न बघता म्हणायची, "चल."

शुक्रवारी भिंत उघडी होती, बूच धरावं म्हणून तिला आधीचा पातळ हात देऊन ती सुकू दिली. शनिवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, इरियानं बूच उडवलं.

रविवारी ओदेत आली. जेवणं झाल्यावर अनाक्लेतु कॅफेत शिजवलेल्या गोगलगायींची बशी पुढ्यात घेऊन बसला होता आणि एकही खात नव्हता. तिथून झुल्मिराचं दार दिसायचं. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ओदेत खोलीत जाऊन आडवी झाली ती बराच वेळ उठलीच नाही. शेवटी झुल्मिरा दारात आली आणि तिनं त्याला बोटानं बोलावलं.

आत पडदा ओढलेला होता. ओदेत झोपेतून उठून पलंगावर बसली होती आणि चादर तिनं खांद्यांवर घेतली होती.

"आईला ऑगस्टात आठवडाभर समुद्रावर न्यावं म्हणते," ती म्हणाली. "तेवढे दिवस कोंबड्या कोण बघेल?"

अनाक्लेतु म्हणाला, मी बघेन.

एप्रिलमध्ये इरिया मोजमाप घेऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळा खरवडला जाणार हे ठाऊक असूनही, ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणून झुल्मिरानं त्या भिंतीला चुन्याचा नवा हात दिला होता.