जुनं काढून टाकायचं का?

दादा गेल्यापासून आठ महिन्यांत बटण्याने एकही ट्यून केली नाही. वाद्यं मात्र सत्तेचाळीस विकत घेतली.

खरी नाहीत, कॉम्प्युटरमधली. पैसे भरायचे, फाइल उतरवायची, इन्स्टॉल करायची. मग समोरच्या कीबोर्डची एक पट्टी दाबली की साठ जणांचं व्हायोलिनपथक उभं राहतं, तेही कुणाला चहा न पाजता. व्हायोलिनं झाली, चेलो झाले, अकरा पियानो झाले. त्यातला एक मुद्दाम बेसूर केलेला, शाळेच्या हॉलमध्ये पडून असतो तसला. आवाज मोठ्या दालनात असल्यासारखा घुमवणारी प्लगिन्स सहा. सहाही सारखीच घुमायची.

बटण्या हे नाव दादाचंच. दोघे भाऊ मिळून छोट्यामोठ्या जाहिरातींचं संगीत करायचे, दुकानांच्या घोषणांमागचं, फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" च्या मागे वाजतं ते. दादा चाल करायचा, आवाज घडवायचा. धाकट्याकडे वायरी, कापाकापी, फाइली पाठवणं. "मी वाजवतो, हा बटणं दाबतो," असं दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. झालं, पडलं नाव.

दादा दुपारी जेवून उठला, हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि खाली बसला तो बसलाच. एकेचाळीस वर्षांचा होता.

बटण्या रडला नाही. नातेवाईक म्हणाले, धाकटा खंबीर आहे हो. खंबीर कसला डोंबलाचा. दाताला भूल दिल्यावर माणूस गालाला बोट लावून बघतो ना, आहे का जागेवर, तसं तो स्वतःला अधूनमधून लावून बघायचा. जागेवर होता. लागत काही नव्हतं.

रोज दहाला तो दादाच्या घरी यायचा. मागची खोली म्हणजेच त्यांचा स्टुडिओ. भिंतीला जुन्या रजया ठोकलेल्या, दोन टेबलं, दोन खुर्च्या. वहिनी दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला, ती साडेनऊलाच निघालेली असायची. याच्याकडे किल्ली होती. यायचं, मशिन लावायचं, मेल बघायचे. मेल असायचेच. फक्त आज. ऐंशी टक्के सूट. शेवटचे चार तास. चार तास संपले की त्याच वाद्यावर नवे चार तास सुरू व्हायचे. हे काही त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी घ्यायचा. मग ती हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघत बसायचा. तेवढा वेळ खोलीत काहीतरी चालू आहे असं वाटायचं. इन्स्टॉल झालं की एक पट्टी दाबून बघायची, "हं" म्हणायचं आणि बंद करायचं.

शुक्रवारी वहिनी लवकर आली आणि थेट खोलीच्या दारात उभी राहिली. खांद्यावरची पर्सही काढली नव्हती.

"बटण्या, मी महिनाअखेरीला घर सोडतेय. आईकडे जाते. एकटीला एवढं भाडं कशाला?"

"बरं."

"बरं काय? तुझं सामान हलवावं लागेल."

"हलवतो."

"आणि ते ऐकवायचंस. रविवारी. मी घरीच आहे."

"ते" म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटचे तीन आठवडे दादा वहिनीसाठी एक तुकडा करत होता. शब्द नव्हते, नुसता आवाज. ती घरात असली की हेडफोन लावून करायचा. ती विचारायची तर म्हणायचा, "पूर्ण झाल्यावर. अर्धवट ऐकवणार नाही." आणि पूर्ण होईपर्यंत त्याची साधी वाजवता येईल अशी फाइलसुद्धा काढणार नाही, ही त्याची जुनी खोड. त्यामुळे तो तुकडा फक्त त्या मशिनमध्ये होता, त्या प्रोजेक्टमध्ये.

ऐकला होता एकट्या बटण्याने. शेजारच्या टेबलावर बसून, दादाने हेडफोन काढले की जेवढा कानावर पडेल तेवढा. आणि दोनदा स्पीकरवर. आवाज दादाने स्वतः घडवलेला. कपाटाच्या दाराची कुरकुर रेकॉर्ड केली होती, बाटलीत फुंकर मारून ती घेतली होती, त्यावर व्हायोलिनचा एक लांब सूर, सगळं एकावर एक चढवून एका जुन्या व्हायोलिनच्या प्लगिनमध्ये बसवलेलं. कुणीतरी उशीत तोंड घालून गुणगुणतंय असं काहीसं वाटायचं.

आठ महिन्यांत बटण्याने ती फाइल उघडली नव्हती. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. सेल होते ना.

रविवारी तो दहालाच आला. वहिनी म्हणाली, "मी कपाटं आवरते. चारला बसू."

त्याने मशिन लावलं. सवयीने मेल उघडला. पहिलाच मेल त्या जुन्या व्हायोलिनवाल्या कंपनीचा. जुन्या ग्राहकांना नवी आवृत्ती पंच्याऐंशी टक्के सवलतीत. दुपारी बारापर्यंत. दादाच्या नावाने आलेला मेल, दादाचं खातं. नव्या आवृत्तीत दादाचा तुकडा अजून चांगला वाजेल असं त्याला वाटलं, असं पुढे त्याने एका मित्राला सांगितलं. खरं तर काही वाटलं नव्हतं. हात गेला.

चौऱ्याऐंशी जीबी. इन्स्टॉलर म्हणाला, डिस्कवर जागा नाही. जागा कुठून असणार, सत्तेचाळीस वाद्यं बसलेली. मग त्यानेच उपाय सुचवला. जुनी आवृत्ती आणि तिच्या फोल्डरमधलं सगळं काढून टाकायचं का? चौकोनात खूण आधीपासूनच केलेली. बटण्याने सत्तेचाळीस वेळा जे केलं तेच केलं. पुढे. पुढे. मान्य. पुढे.

दोन तास पट्टी सरकली. तो बघत बसला. बाहेर वहिनी कपाटातल्या वस्तू खोक्यांत टाकत होती, त्याचे आवाज येत होते.

साडेबाराला त्याने दादाची फाइल उघडली.

एक खिडकी आली. या प्रोजेक्टमधलं एक वाद्य सापडलं नाही. त्याने ठीक म्हटलं. फाइल उघडली. सूर सगळे दिसत होते, छोट्या छोट्या आडव्या पट्ट्या, वर, खाली, जिथे जिथे दादाने बोट ठेवलं तिथे तिथे. त्याने सुरू केलं. रेघ पट्ट्यांवरून पुढे जात राहिली. आवाजाचा काटा जागचा हलला नाही. एक मिनिट चाळीस सेकंद शांतता वाजली आणि थांबली.

त्याने नवी आवृत्ती लावून बघितली. तिला जुन्याचं काही वाचताच येत नव्हतं. फोल्डर शोधला. फोल्डर नव्हता. कपाटाची कुरकुर त्यातच होती, बाटलीही.

त्याने ठोक्याला फोन लावला. ठोक्या म्हणजे त्यांचा ड्रमवाला मित्र, कॉम्प्युटरमधलं याच्यापेक्षा जास्त कळणारा.

"काय रे, आज कोणतं व्हायोलिन घेतलंस?" ठोक्या म्हणाला. "दुकान टाक आता. पाटी मी रंगवून देतो."

बटण्याने सांगितलं.

"दुसरीकडे कॉपी?"

"नाही."

"कधी नुसती ऑडिओ फाइल काढली होती? कच्ची? कशीही?"

"दादा? तो काढतो होय."

"मशिन बंद कर, मी सॉफ्टवेअर घेऊन येतो. पुसलेलं कधी कधी परत... थांब. पुसल्यानंतर त्या डिस्कवर काही टाकलंस का?"

"चौऱ्याऐंशी जीबी."

ठोक्याने मोठा श्वास सोडला. "म्हणजे त्याच जागेवर नवी बिऱ्हाडं बसली रे. जुनं सामान कुठे शोधू मी?" मग म्हणाला, "ऐक. वहिनीला बोलू नकोस. सूर आहेत ना? पियानो लाव. ऐकव. त्यांना कुठे माहितीये."

"हं."

"हं नाही. पियानो लाव."

फोन ठेवल्यावर आता छातीत काहीतरी होईल म्हणून बटण्या वाट बघत बसला. काही झालं नाही. भूक लागली होती. त्याने पिशवीतला पाव काढून खाल्ला. मग अकरातला एक पियानो लावला, बरा वाटला तो.

चारला वहिनी आली. केसांना धूळ, हात पुसत. दादाच्या खुर्चीत बसली, खोलीत तिसरी खुर्चीच नव्हती.

"लाव."

त्याने लावलं. पियानो छान वाजला. स्वच्छ. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत वाजावा तसा. मिनिट चाळीस सेकंदांनी मध्येच तुटला.

वहिनी जरा थांबून म्हणाली, "गोड आहे रे." तिचे डोळे भरले होते. "पियानो आवडतो मला, लक्षात होतं त्याच्या."

इथे त्याने गप्प बसायचं होतं. ठोक्याने सांगितलं होतं, त्यालाही कळत होतं. तोंड आपलं उघडलं.

"पियानो त्याने नव्हता लावला. मी लावला. आज."

"म्हणजे?"

त्याने सगळं सांगितलं. मेल, पंच्याऐंशी टक्के, चौकोनातली खूण. कपाटाची कुरकुर. एखाद्याने गिऱ्हाइकाला तांत्रिक अडचण सांगावी तशा आवाजात सांगितलं, त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

वहिनीने डोळे पुसले. रडं थांबलंच एकदम.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने रोज माझ्या घरात येऊन बसलात भावजी. एक फाइल उघडवली नाही तुम्हाला?"

भावजी ती रागावली की म्हणायची. एरवी बटण्याच.

"नाही."

"आणि उघडलीत ती पुसून झाल्यावर."

"हो."

"मग सांगितलंत कशाला? मला काय कळणार होतं? मी तो पियानो घेऊन गेले असते. जन्मभर ऐकला असता. आता दर वेळी ऐकताना मला हेच ऐकू येणार, की हा तो नाही."

खोट्याने तिला बरं वाटलं असतं, खऱ्याने वाटलं नाही, आणि त्याला दोन्हीकडून काहीच वाटत नव्हतं. माफी मागावी असं आठवलं, मागितली. ती "राहू दे" म्हणाली.

मग वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "कसा होता?"

"काय?"

"तो आवाज. तू ऐकलायस ना? तू एकट्यानेच ऐकलायस."

"उशीत तोंड घालून कुणी गुणगुणल्यासारखा."

"ही एवढी घेऊन ठेवलीस ना? काढ. शोधू."

"वहिनी, तसा नाही मिळणार."

"जवळचा मिळेल. काढ म्हणते ना."

त्याने काढली. एकेक वाद्य उघडायचं, त्यात शंभर शंभर आवाज, जरा बुजरा वाटेल तो लावायचा, दादाचे सूर त्यातून वाजवायचे.

"हा?"

"नाही. हा फार उघडा आहे."

"हा?"

"त्याला खरखर होती थोडी."

"हा तर मांजर दाबल्यासारखा आहे. याला पैसे दिलेस तू?"

"नव्वद टक्के सूट होती."

"शंभर असती तरी घेऊ नये असला."

ती हसली, म्हणजे नाकातून हवा सोडली. पुढचा. त्याच्या पुढचा. दादाचा तुकडा चेलोत वाजला, बासरीत वाजला, काचेच्या पेल्यांत वाजला, बायकांच्या कोरसमध्ये वाजला. सुरुवातीला बटण्या दर वेळी बरोबर सांगत होता. याला श्वास कमी, याची सुरुवात टोकदार, दादाची हळू उगवायची. मग "नाही" एवढंच. मग "बहुतेक नाही." उन्हाची तिरीप रजईवरून छताकडे गेली. तासभर झाला, दीड झाला. साठेक आवाज झाले असतील. असं ऐकत बसलं की कान बोथट होतात, हे दादाच सांगायचा आणि वीस मिनिटांनी उठवायचा. आज उठवायला कुणी नव्हतं.

मग एक आवाज लागला. कुठल्याशा सेलमध्ये फुकट पदरात टाकलेली पेटी. जुनी, भाता फाटलेली, सुरापेक्षा हवाच जास्त.

वहिनी सरळ बसली. "थांब. हा."

त्याने पहिल्यापासून लावला. ती डोळे मिटून ऐकत होती. मिनिट चाळीस सेकंदांनी पेटी मध्येच थांबली. तिने डोळे उघडले नाहीत.

"हाच ना? असाच होता ना बटण्या?"

त्याने आठवायला घेतलं. शेजारचं टेबल आठवलं, दादाची मान, हेडफोन काढून गळ्यात टाकलेले. त्यातून जे यायचं तिथे चेलो होता, बासरी होती, काचेचे पेले होते. तो ढकलत ढकलत मागे गेला. मागेही तेच होते. चारला ऐकायला बसले तेव्हा तो आवाज त्याच्या कानात होता, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"हो," तो म्हणाला.

"खरंच? आता माझ्यासाठी म्हणू नकोस हं."

"खरंच. असाच."

तिने मान हलवली. पदराला हात पुसले, उठली. "मग याचीच काढून दे. फोनवर पाठव. चहा टाकते, घेऊन जा." दारात थांबून म्हणाली, "आणि दोन ठिकाणी ठेव या वेळी."

ती स्वयंपाकघरात गेली. त्याने फाइल काढली, दोन ठिकाणी ठेवली, तिला पाठवली. पलीकडे तिचा फोन वाजला, मग पातेलं ठेवल्याचा आवाज आला.

तो दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसला आणि परत एकदा, नीट, डोळे मिटून आठवून बघितलं.

पेटीच वाजली.