सतरा नंबरची पट्टी

पट्टी मधोमध वाकली होती. फार नाही, नखाएवढी. पण वाकली होती, आणि रुद्राणीबाईंना आधी वाटलं की आपल्याच डोळ्यांत काहीतरी बिघडलंय, रात्री धड झोप झाली नाही म्हणून. वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशी लाकडी पट्टी, वरच्या टोकाला पांढऱ्या रंगात सतराचा आकडा. कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या दोन पुस्तकांच्या मधे, दिवाळीपासून उभी होती. तिला दुसरं काम तरी काय? उभं राहायचं.

पट्ट्यांची कल्पना बाईंचीच. दुष्काळाच्या सालात एका पालकाने हातमाग मोडीत काढला, तेव्हा त्याची चार लाकडं त्यांनी मागून आणली होती आणि कोंडीबा शिपायाकडून त्यांच्या पट्ट्या कापून घेतल्या होत्या. नाकाशी धरल्या की अजून खळीचा आंबूस वास येतो. प्रत्येक मुलाच्या नंबराची एक पट्टी. पुस्तक काढलं की त्या जागी आपली पट्टी उभी करायची, पुस्तक परत ठेवलं की पट्टी काढून घ्यायची. शाळेचं ग्रंथालय म्हणजे हे एक कपाट आणि आठवड्यातून एक तास. पण तेवढ्यासाठीही बाई दर वर्षी, दर चौथीला, त्याच आवाजात सांगत आल्या होत्या — पुस्तक गेलं तरी चालेल, त्याची जागा जाता कामा नये. हल्ली सांगताना मधेच जांभई यायची, आणि पदराने ती झाकायचाही कंटाळा यायचा.

"रुद्राणीबाई, संध्याकाळी मला नाव कळवायचंय," हेडमास्तर हिंदुराव गुरुजी आज प्रार्थनेनंतर म्हणाले होते. "पुण्याचा वर्ग. तीन महिने. ग्रंथालयाचं काम आपल्या शाळेत तुमच्याशिवाय कोण करतंय? हो म्हणा की. आज शाळा सुटायच्या आत सांगा, एवढंच."

हो म्हणा की. किती सोपं… गुरुजींच्या तोंडात तो शब्द बडीशेपेसारखा होता. बाईंनी मान हलवली होती, हो अशीही नव्हे आणि नाही अशीही नव्हे. पंधरा वर्षांत ती एक मान त्यांना चांगली जमली होती.

मुलं आली. चौथीची रांग म्हणजे बाजार सुटल्यासारखी; पण या तासाला दारापाशी आपोआप आवाज बसायचा, त्यांना हात दाखवावे लागायचे म्हणून. पाटीची पांढरी बोटं, मागाच्या कांड्या भरून रंगलेली बोटं, विड्या वळून पानांचा वास येणारी बोटं. "धुऊन ये. तू पण. पुसलेस कशाला? चड्डीला?" मग कपाटापाशी. पुस्तक डोक्याला धरून ओढायचं नाही, शेजारच्या दोघांना जरा आत ढकलायचं, मधल्याची कंबर धरायची. पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही. कोपरा दुमडायचा नाही. भीमा नावाच्या पोराच्या हातून पुस्तक पडलं, तसं त्याने ते उचलून कपाळाला लावलं, पुन्हा लावलं, आणि उघडलंच नाही. बाईंना बोलायला हवं होतं — अरे, नमस्कार पुरे, वाच आता — पण त्यांनी नुसतं पुढच्या मुलाला हाताने खुणावलं. मागच्या वर्षी बोलल्या असत्या.

सकाळी चहाची बशी फुंकता फुंकता सासूबाई म्हणाल्या होत्या, "जायला काय, कुनीबी जाईल. कमलम्मा असती तर घर सोडून गेली नसती."

आणि यजमान, चनबसप्पा, दुकानाच्या किल्ल्या शोधत म्हणाले होते, "तुझं तू बघ की. मी काय म्हनू?" वाईट माणूस नव्हे. पेठेत कुणीही सांगेल, देवमाणूस. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त पंधरा वर्षांत 'रुद्राणी' अशी हाक… विषमज्वरात मात्र हाक मारली होती, रात्रभर, डोळे मिटून — "कमल, पाणी दे." आणि रुद्राणीने पाणी दिलं होतं. ताप उतरेपर्यंत कमल होऊन दिलं होतं, आणि तेव्हा तिला इतका राग आला होता, मेलेल्या अक्काचा, जिवंत नवऱ्याचा, त्या तांब्याचासुद्धा, की दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांवर खेकसताना तिची तिलाच भीती वाटली होती.

कमलम्मा म्हणजे अक्का, रुद्राणीची थोरली बहीण; ती गेली तेव्हा तिचा शिवयोगी दीड वर्षाचा होता. परक्या घरची आणली तर पोराचे हाल होतील, असं सगळे म्हणाले; आईसुद्धा म्हणाली. मास्तरणीच्या कोर्सचं शेवटचं वर्ष होतं, ते पुरं करायला दिलं, तेही उपकार केल्यासारखं, आणि अक्काच्या बोहल्यावर… नाही, बोहलाही नव्हता, मठात चार माणसं. तरीही सासूबाईंच्या स्वप्नात अक्का आली. मग आपल्यात ही रीत नाही असं वडील पुटपुटत असताना सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणला गेला, थोरलीचा, आणि धाकटीच्या गळ्यात बांधला गेला. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. हळदीकुंकू आधी त्याला, मग आपल्या कपाळाला. हळूहळू रुद्राणी सगळंच आधी त्याला विचारू लागली. अक्का, सणाला माहेरी जाऊ का? अक्का, शाळा सोडू का, पोराला गोवर आलाय? हात गळ्याशी जायचा, बोटांना तो गुळगुळीत तुकडा लागायचा, आणि उत्तर बहुधा सासूबाईंच्या आवाजात यायचं.

"बाई."

चंद्रव्वा. कायम पहिल्या रांगेत बसणारी, कायम काहीतरी विचारणारी हमालाची पोर. तिच्या हातात पुस्तक होतं, पण नजर कपाटावर होती.

"बाई, ही सतरा नंबरची अंबादासची न्हवं?"

"हो."

"त्यो तर भिवंडीला गेला की. घरची समदी मागावर गेली. आता कुटं येतोय त्यो?"

"पुस्तक आणून देईल कधीतरी."

"आनि न्हाय दिलं तर? ही किती दिस उभी ऱ्हायची?"

वर्गातली पानं वाजायची थांबली. बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं. दर प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर असायचं, तोच तर धंदा. पुस्तक येईपर्यंत, असं सांगायचं होतं. पण त्याच्यापुढे काय, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. सहा चौथ्या शिकवल्या, आणि नियमाला शेवट शिवायचाच राहिला.

"मग पट्टीच वाचायची!" भीमा म्हणाला, आणि सगळी खिदळली.

बाईही हसल्या. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की डोळे भरून आलेत, म्हणून त्या खिडकीकडे वळल्या आणि ऊन फार आहे असं काहीतरी म्हणाल्या. पट्टीच वाचायची. कोण वाचणार, बाळा? पट्टीकडे बघून लोकांना पुस्तकच आठवतं. कमलम्मा असती तर. अक्काच्या हातची आमटी, अक्काचा आवाज, अक्का कशी उंबऱ्यात रांगोळी काढायची. मी अक्काहून चांगलं गाते, हे त्या घरात कुणाला माहीत आहे? मलाच आता कुठे माहीत आहे.

आणि पोरगं. ज्याच्यासाठी जागा धरायची होती ते पोरगं मागच्या जूनमध्ये कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून लागलं. गाडीत बसताना पाया पडून म्हणालं, "येतो, चिक्कव्वा." धाकटी आई. तो कधी अव्वा म्हणालाच नाही, आणि तिनेही कधी म्हणवून घेतलं नाही. ती जागा अक्काची होती ना. चिक्कव्वाने खिडकीतून भाकरीची शिदोरी दिली आणि रिकाम्या हाताने घरी आली. घरी सगळं जिथल्या तिथे होतं. त्या दिवसापासून हा थकवा. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या. घेतल्या.

घंटा झाली. मुलांनी पुस्तकं ठेवली, कुणी उलटी, कुणी तिरपी, आपापल्या पट्ट्या काढून डब्यात टाकल्या आणि धूळ उडवत गेली. चंद्रव्वा दारात क्षणभर थांबली, प्रश्न विसरला नाही हे दाखवायला, आणि तीही गेली.

बाई कपाटापाशी गेल्या. सतरा नंबर. त्यांनी दोन बोटांनी तिचं टोक धरलं. ती येईना. दोन्हीकडच्या पुस्तकांनी तिला आवळून धरलं होतं. जरा हिसका दिला तेव्हा सुटली, आणि त्यांचा दुसरा हात सवयीने पुढे झाला, मधे पडणाऱ्या फटीत शेजारची पुस्तकं कोसळू नयेत म्हणून.

फट नव्हतीच.

दोन्हीकडची पुस्तकं एकमेकांना टेकून उभी होती, जणू काही त्यांच्यामध्ये कधी काही नव्हतंच. बाईंनी बोट घालून पाहिलं. नखसुद्धा जाईना. कधी मिटली ही जागा? दिवाळीत? संक्रांतीत? इतके दिवस ही बिचारी कुणाची जागा राखत होती? फळीने तर केव्हाच आपलं आवरून घेतलं होतं. दोन्हीकडून भार तेवढा हिने सोसला, आणि वाकली.

त्या मुलांच्या बाकावर बसल्या. बाक बुटका, गुडघे छातीशी आले. पट्टी मांडीवर ठेवली, मग उचलून नाकाशी नेली. खळीचा वास कुठेच नव्हता, नुसता लाकडाचा होता. त्यांना आनंद झाला नव्हता. उलट अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं झालं होतं. पंधरा वर्षं… कुणी मागितली होती का ती? आणि आता ती कुणाकडे परत मागायची?

"बाई," दारात कोंडीबा उभा होता, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन. "गुर्जी इचारत्यात. पुन्याला व्हय का न्हाय, तेवढंच सांगा म्हनले. कुलूप घालू का कपाटाला?"

"घाला."

"आनि गुर्जीस्नी काय सांगू?"

"मी येते म्हणावं. मीच बोलते."

कोंडीबाने कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि गेला. व्हरांड्यात ऊन पांढरं झालं होतं. हेडमास्तरांची खोली समोरच, मधलं अंगण ओलांडलं की आली. बाई उठल्या. पदर सारखा केला आणि नेहमीप्रमाणे हात गळ्याशी गेला, बोटांना टाक लागला, गुळगुळीत, घामाने कोमट झालेला. अक्का… असं मनात सुरूही झालं.

आणि पुढचं काही सुचेना. विचारायचं होतं ते कुणाला होतं, हेच क्षणभर कळेना. दुसऱ्या हातात पट्टी तशीच होती. ती डब्यात टाकायची राहून गेली होती. बाई दारात उभ्या राहिल्या. जायचं की नाही, हे अजून त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त ते आता आपल्यालाच ठरवायचं आहे, एवढं ठाऊक झालं होतं, आणि त्याची त्यांना फार भीती वाटत होती.